डोपिंगची शिक्षा फक्त खेळाडूलाच का?



पहाटे साडेपाचला दोडामार्गात घराबाहेर पडलात, तर रस्त्याच्या कडेने धावणारी मुलं तुम्हाला हमखास दिसतील. कुणी पोलिस भरतीसाठी १६०० मीटरची वेळ कमी करतोय, तर कुणाला कबड्डीच्या जिल्हा संघात जायचंय. या मेहनतीमागे नुसती हौस नाही. राज्यस्तरावर खेळलं तर दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. आपल्यासारख्या तालुक्यातल्या घराला एका प्रमाणपत्राची किंमत काय असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

याच कारणाने आज डोपिंगबद्दल लिहावंसं वाटलं. डोपिंग म्हणजे ताकद किंवा दम वाढवण्यासाठी बंदी असलेली औषधे घेणे. हा विषय ऑलिंपिकमधल्या मोठ्या खेळाडूंचा आहे, असं मलाही वाटायचं. एका प्रसंगानंतर तसं वाटेनासं झालं.

एक डबा

आमच्या वर्गातला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याकडे आला. कबड्डीत चांगला, चढाईला चपळ, पण वजन कमी. दप्तरातून त्याने पावडरीचा एक डबा काढला. वर पिळदार दंडाचं चित्र. "सर, ह्या घेतला तर चलात मां?" असं त्याने विचारलं. मी वह्या तपासत होतो. मान वर न करताच म्हणालो, "घे, पण जेवण सोडू नको."

तीन आठवड्यांनी सराव चालू असताना तो मध्येच खाली बसला. "सर, छातीत धडधडता." आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय काय घेतोस?" डबा मागवला. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरात घटकांची यादी होती. डॉक्टरांनी त्यातल्या दोन नावांखाली पेनाने रेघ मारली आणि डबा बंद करायला सांगितलं. आठवडाभरात त्रास थांबला. डबा कुणी दिला विचारलं तर मुलगा म्हणाला, "भावाच्या मित्रान दिल्यान." तो मित्र कुठल्याशा जिममध्ये जायचा. त्याला कुणी दिला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

तेव्हापासून एक विचार डोक्यातून जात नाही. समजा, त्याच महिन्यात हा मुलगा मोठ्या स्पर्धेत खेळला असता, तिथे त्याची तपासणी झाली असती आणि त्या डब्यातलं काही बंदीच्या यादीत निघालं असतं, तर शिक्षा कुणाला झाली असती? फक्त त्याला. भावाच्या मित्राला नाही, डबा विकणाऱ्याला नाही आणि मान वर न करता "घे" म्हणणाऱ्या मलाही नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. डोपिंगला शिक्षा हवीच. ती आधी ठरलेली हवी आणि ठाम हवी. पण ती खेळाडूपाशी येऊन थांबता कामा नये. त्याच्या हातात औषध देणाऱ्या मोठ्या माणसापर्यंत ती पोचली नाही, तर तिचा उपयोग अर्धाच.

खोकल्याचं औषध आणि आठ महिने

आपल्या महाराष्ट्रातली दोन उदाहरणे पाहू. पहिलं पृथ्वी शॉ याचं. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालीन सापडलं. खोकल्याच्या, दम्याच्या औषधांत हा घटक असतो. पृथ्वी तेव्हा १९ वर्षांचा होता. खोकला झाला म्हणून औषध घेतलं, ताकद वाढवायला नाही, असं त्याने सांगितलं. क्रिकेट मंडळाने ते मान्य केलं. तरीही आठ महिन्यांची बंदी घातली.

आता यातल्या तारखा पाहा. नमुना फेब्रुवारीतला, निकाल जाहीर झाला ३० जुलैला. बंदी मोजली मागच्या तारखेपासून, म्हणजे १६ मार्च ते १५ नोव्हेंबर. मधल्या काळात तो आयपीएल खेळूनही झाला होता! म्हणजे कागदावर बंदी आठ महिन्यांची आणि निकालानंतर प्रत्यक्ष भोगायची उरली साडेतीन महिने. लोकांनी मंडळावर टीका केली, आणि ती रास्तच होती. त्यानंतर लगेच, ऑगस्ट २०१९ मध्ये, क्रिकेट मंडळाने आपले खेळाडू राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या म्हणजे नाडाच्या तपासणीखाली आणायला मान्यता दिली. तोवर मंडळ स्वतःच तपासायचं आणि स्वतःच शिक्षा ठरवायचं. शाळेतल्या भाषेत सांगायचं तर पेपर काढणारा, तपासणारा आणि निकाल लावणारा एकच.

यातून आपल्याला घेण्यासारख्या गोष्टी दोन. एक, साधं खोकल्याचं औषधही खेळाडूला अडकवू शकतं. दुसरी, शिक्षा किती मोठी यापेक्षा ती वेळेवर आणि स्वच्छपणे होते की नाही, याला महत्त्व जास्त.

"कुणीतरी मिसळलं" म्हटलं तर?

दुसरं उदाहरण नरसिंग यादव यांचं. मुंबईत घडलेला पैलवान, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, महाराष्ट्र पोलिस दलात उपअधीक्षक. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्यांनी ७४ किलो गटात भारताला रिओ ऑलिंपिकची जागा मिळवून दिली. मग २०१६ च्या जून-जुलैमध्ये त्यांच्या नमुन्यांत मेथॅन्डिएनोन हे स्टिरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी हे मुद्दाम मिसळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. नाडाच्या समितीने ते मान्य करून १ ऑगस्टला त्यांना निर्दोष ठरवलं. नरसिंग रिओला पोचले. पण जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, वाडाने, त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. कुस्ती दुसऱ्या दिवशी आणि आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, निकाल लागला: चार वर्षांची बंदी. मिसळल्याच्या दाव्याला पुरेसा पुरावा नाही, असं लवादाचं मत पडलं.

तेव्हा आपल्यापैकी अनेकांना हळहळ वाटली असेल. मलाही वाटली. पण या नियमामागचं कारण समजून घ्यायला हवं. "तुझ्या शरीरात जे सापडेल, त्याला तू जबाबदार" हा डोपिंगविरोधी नियमांचा पाया आहे. तो सैल केला तर उद्या प्रत्येक जण म्हणेल, कुणीतरी मिसळलं. मग प्रामाणिकपणे चौथा आलेल्या खेळाडूने कुणाकडे पाहायचं? त्याचंही पदक गेलेलं असतं, फक्त त्याची बातमी होत नाही. म्हणून हा पाया काढून टाका, असं मी म्हणणार नाही.

माझा प्रश्न पुढचा आहे. औषध आपोआप शरीरात येत नाही. खेळाडूने स्वतः घेतलं असो की कुणी दिलं असो, मध्ये एक विकणारा असतो, बऱ्याचदा एक सल्ला देणाराही असतो. त्याचं काय होतं?

बेसबॉलवाल्यांनी काय केलं?

इथे थोडं बाहेर पाहू. बेसबॉल आपल्याकडे कमीच खेळला जातो, पण अमेरिकेत तो आपल्या क्रिकेटसारखा आहे, पैसा आणि प्रसिद्धी दोन्ही भरपूर. तिथल्या व्यावसायिक लीगला वाडाच्या शिक्षा जशाच्या तशा लागू होत नाहीत. लीगचे मालक आणि खेळाडूंची संघटना करार करून स्वतःच शिक्षेचा तक्ता ठरवतात.

हा तक्ता कसा बदलत गेला, ते वाचण्यासारखं आहे. २००५ च्या हंगामाला सुरुवात झाली तेव्हा पहिल्या गुन्ह्याला फक्त १० दिवसांची बंदी होती. अमेरिकी संसदेत त्यावरून बरीच टीका झाली. मग २००६ पासून पहिल्या वेळी ५० सामने, दुसऱ्या वेळी १०० आणि तिसऱ्या वेळी कायमची बंदी, असं ठरलं. २०१४ मध्ये तो तक्ता आणखी कडक झाला: पहिल्या वेळी ८०, दुसऱ्या वेळी १६२ आणि तिसऱ्या वेळी कायमची. तिथला एक हंगाम १६२ सामन्यांचा असतो. म्हणजे पहिल्या चुकीला अर्धा हंगाम, दुसरीला पूर्ण. बंदीच्या काळात पगारही नाही.

या तक्त्यातली एक गोष्ट मला फार पटते. तो आधी ठरलेला आहे, सर्वांना माहीत आहे आणि खेळाडूंच्या संघटनेने त्यावर सही केलेली आहे. नवखा खेळाडू असो की कोट्यधीश, आकडा तोच. पहिल्या चुकीनंतर परत येण्याचा रस्ताही आहे.

पण नुसत्या आकड्याने काम होतं का? रॉबिन्सन कानो हा मोठा खेळाडू २०१८ मध्ये सापडला, ८० सामने बाहेर बसला. २०२० मध्ये पुन्हा सापडला आणि २०२१ चा अख्खा हंगाम गेला. त्या वर्षीचा सुमारे २ कोटी ४० लाख डॉलरचा पगार बुडाला. जेन्री मेहिया नावाचा गोलंदाज तर तीनदा सापडला. २०१६ मध्ये कायमची बंदी मिळालेला तो पहिला खेळाडू (पुढे २०१८ मध्ये त्याला अटींवर परत येऊ दिलं). इतकी मोठी शिक्षा समोर दिसत असूनही माणसं मोहात पडतात. म्हणजे शिक्षा आणखी वाढवत नेणं हा काही रामबाण उपाय नाही.

आता तिथलंच दुसरं प्रकरण पाहा. फ्लोरिडात मायामीजवळ बायोजेनेसिस नावाचं एक क्लिनिक होतं. चालवणारा अँथनी बॉश, स्वतः परवानाधारक डॉक्टर नव्हता. त्याच्याकडून औषधे घेतल्यावरून २०१३ मध्ये डझनाहून अधिक बेसबॉलपटूंवर बंदी आली. अ‍ॅलेक्स रॉड्रिगेझ याला तर २११ सामन्यांची, जी नंतर १६२ वर आली. आपल्याकडे प्रकरण बहुधा इथे संपलं असतं. तिथे ते पुढे गेलं. सरकारी तपासात निघालं की बॉश आणि त्याचे साथीदार शाळकरी खेळाडूंनाही टेस्टोस्टेरॉन देत होते. २०१५ मध्ये बॉशला चार वर्षांचा तुरुंगवास झाला.

शिक्षक म्हणून मला त्या प्रकरणातला हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खेळाडू बाहेर बसले, ते बरोबरच. पण शाळकरी पोरांपर्यंत औषध पोचवणारी साखळी तुटली ती विकणारा आत गेल्यावर. नुसते खेळाडू बाहेर बसवले असते तर बॉशला पुढच्या वर्षी दुसरी गिऱ्हाईकं मिळाली असती.

आपल्याकडे कुठे अडतं?

भारतात डोपिंगचं प्रमाण लहान नाही. वाडाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार आपल्याकडे ५,६०६ नमुने तपासले गेले आणि २१३ दोषी निघाले, म्हणजे शंभरात जवळजवळ चार. भरपूर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. अल्पवयीन खेळाडूंबद्दल वाडाने वेगळा अहवाल काढला, त्यात रशियाखालोखाल आपलं नाव होतं. अल्पवयीन म्हणजे आपल्या वर्गात बसणारी मुलं, हे लक्षात घ्या.

नियम अगदीच नाहीत असं नाही. वाडाच्या २०२१ पासूनच्या संहितेत सोळा वर्षांखालील खेळाडूंना 'संरक्षित व्यक्ती' मानलं आहे. फारशी चूक नव्हती हे दिसलं, तर अशा मुलाला नुसत्या ताकिदीपासून जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते. त्याचं नाव जाहीर करण्याची सक्तीही नाही. आणि त्याला स्टिरॉइडसारखं औषध देणारा प्रशिक्षक किंवा मदतनीस सापडला, तर त्याला आजीवन बंदी! म्हणजे मुलाकडे मायेने आणि मोठ्याकडे कठोरपणे पाहा, असं नियमच सांगतो. संसदेने २०२२ मध्ये राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदाही केला.

मग अडतं कुठे? एक म्हणजे, ही सगळी शिक्षा खेळातल्या माणसाला. जिमच्या कोपऱ्यात सुट्या बाटल्या विकणाऱ्याला खेळातून बंदी घालून काय होणार? तो खेळतच नाही! त्याला औषध विक्रीच्या कायद्याखाली धरावं लागतं. स्टिरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला तर देतात ते मेफेन्टरमाइनचं इंजेक्शनही तसंच. हीच इंजेक्शनं व्यायाम करणाऱ्या पोरांना विकणाऱ्या टोळ्या आपल्या राज्यात पकडल्या गेल्या आहेत. पण अशा कारवाईला तक्रारीची मदत लागते, आणि तक्रार करणार कोण?

दुसरं, आपला तालुका सीमेवर. पलीकडे गोवा. कितीतरी तरुण रोज तिकडे कामाला जातात आणि तिकडच्या जिममध्येही जातात. बाटली एका राज्यातली, घेणारा दुसऱ्या राज्यातला. अन्न व औषध प्रशासन दोन्हीकडचं वेगळं. "हे आपल्याकडचं नाही" म्हणायला दोन्हीकडे जागा आहे.

तिसरं, पोलिस भरतीचा उमेदवार नाडाच्या नियमांत बसतच नाही, कारण तो स्पर्धेतला खेळाडू नाही. भरतीच्या मैदानावर इंजेक्शनं सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. ती पोरं कुणाची? दोन-तीन वर्षांपूर्वी आपल्याच बाकावर बसलेली.

दोन आक्षेप

शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की दोन टोकाची मतं ऐकू येतात. तुमच्याकडेही येत असतील.

एक मत असं: "पहिल्याच वेळी आयुष्यभर बंदी घाला, बघा कसे सुधारतात." मला हे पटत नाही. खोकल्याचं औषध घेणारा आणि महिनोन्महिने स्टिरॉइड टोचणारा यांना एकाच मापाने मोजणं हा न्याय नव्हे. शिवाय शिक्षा अतिरेकी झाली की ती देणाऱ्याचाच हात आखडतो. कॉपीबद्दल आपल्याला हा अनुभव आहेच. वर्ष वाया जाणार हे दिसलं की पर्यवेक्षकच नजर दुसरीकडे वळवतो. शिक्षा झेपेल अशी असेल तर ती खरोखर दिली जाते. आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला मैदानातून कायमचं हाकलून आपण काय मिळवणार? ते मूल मैदानाबाहेर गेलं तर जिथून डबा आला तिथेच जाईल.

दुसरं मत असं: "गरिबाचं पोर आहे, जाऊ द्या. त्याला काय कळतंय?" दया मलाही येते. पण त्याच्यासमोर खेळणारं पोरही गरिबाचंच असतं. ते नाचणीची भाकरी आणि उकडलेली अंडी खाऊन खेळलं आणि हरलं, तर त्याला आपण काय सांगणार? "जाऊ द्या" म्हटल्याने मूल वाचतं असंही नाही. वाढीच्या वयात स्टिरॉइड घेतलं तर हाडांची वाढ वेळेआधी थांबते, उंची खुंटते. यकृतावर, हृदयावर परिणाम होतो. मुलगे-मुली दोघांच्याही नैसर्गिक संप्रेरकांचा तोल बिघडतो, स्वभाव चिडका होतो. तालुक्याच्या मैदानावर तपासणी पथक येत नाही, हे खरं. पण शरीर स्वतःची तपासणी स्वतःच करतं, आणि त्याच्यापुढे अपील चालत नाही.

म्हणून मला मधला रस्ता योग्य वाटतो. मुलाला शिक्षा व्हावी, पण परत येता येईल अशी. मोठ्याला व्हावी ती मात्र मुलांपासून कायम दूर ठेवणारी.

शाळेत आपण काय करू शकतो?

राष्ट्रीय कायदे आपण बदलू शकत नाही. पण शाळेपुरता नियम नक्की करू शकतो. आमच्याकडे आम्ही जे ठरवत आहोत ते सांगतो. तुम्ही त्यात भर घाला.

पहिलं, नियम जूनमध्येच पालकसभेत वाचून दाखवायचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाही आणि कुणी सापडल्यावर तर नाहीच. बेसबॉलच्या तक्त्यातून घ्यायचं ते हेच. शिक्षा आधी माहीत असली की ती सूड वाटत नाही.

दुसरं, शाळेच्या संघातल्या मुलाने कुठलीही पावडर, गोळी, इंजेक्शन पालकांना आणि क्रीडा शिक्षकांना दाखवल्याशिवाय घ्यायचं नाही. घेतलं आणि लपवलं तर त्या हंगामात सामना नाही. पण सराव बंद नाही. रोज मैदानावर यायचं, गुण मोजायचे, लहान मुलांना शिकवायचं. मूल आमच्या नजरेसमोर राहिलं पाहिजे.

तिसरं, मुलाने आपणहून येऊन सांगितलं तर शिक्षा नाही. हा मुद्दा काहींना पटला नाही. पण विचार करा, आमचा तो मुलगा डबा घेऊन स्वतः माझ्याकडे आला होता. असं येणारं मूल आपल्याला हवं आहे. त्याला शिक्षा केली तर पुढचा कुणी येणार नाही.

चौथं, औषध कुणी दिलं हे विचारायचं आणि तिथे थांबायचं नाही. देणारा शाळेशी संबंधित असेल, माजी विद्यार्थी असेल, सुट्टीत सराव घ्यायला येणारा असेल, तर त्याला पुन्हा मुलांजवळ येऊ द्यायचं नाही. विकणारा दुकानदार किंवा जिमवाला असेल तर मुख्याध्यापक आणि पालक यांनी मिळून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करायची. एकट्या पालकाला "गावात वैर कशाला" ही भीती असते. शाळेचं पत्र असलं की ती कमी होते.

पालकांसाठी दोन गोष्टी. मूल स्पर्धेत खेळत असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, "हा खेळाडू आहे, बंदी असलेलं काही नको." साध्या खोकल्यालाही सांगा. औषध बंदीच्या यादीत आहे का, हे पाहण्यासाठी नाडाचं 'नो युवर मेडिसिन' नावाचं अ‍ॅप आहे. मोबाईलवर औषधाचं नाव टाकून बघता येतं. दम्यासारख्या आजाराला औषध घ्यावंच लागत असेल तर घाबरू नका, उपचारासाठी रीतसर परवानगी मागता येते. औषध बंद करून मुलाला खेळवू नका.

दुसरी गोष्ट खाण्याची. महागडा डबा म्हणजे ताकद, हे जाहिरातीने आपल्या डोक्यात भरलं आहे. अशा डब्यांत लेबलवर न लिहिलेलेही घटक कधीकधी निघतात. वाढत्या वयाच्या मुलाला मासे, अंडी, कुळीथ, शेंगदाणे, दूध आणि पुरेशी झोप मिळाली तर बरंच काही साधतं. आपल्या किनाऱ्याच्या जिल्ह्यात बांगडा मिळतो आणि आपण परगावच्या पावडरीवर हजारो रुपये घालवतो!

शेवटी

तो मुलगा आता पुन्हा खेळतोय. वजन अजून कमीच आहे. चढाईला गेला की समोरचे त्याला हलका समजतात आणि तिथेच फसतात. परवा तालुक्याच्या सामन्यानंतर मी त्याला विचारलं, "आता काय घेतोस?" हसला आणि म्हणाला, "पेज, सर."

मी मात्र ते एक अक्षर विसरलेलो नाही. "घे." मान वर न करता म्हटलेलं. कुठल्याही तक्त्यात मला त्याची शिक्षा नव्हती. म्हणून ती मीच ठरवली आहे: यापुढे कुणी मूल डबा, बाटली, गोळी घेऊन समोर आलं, तर हातातली वही खाली ठेवायची, डबा हातात घ्यायचा आणि मागची बारीक अक्षरं त्याच्यासोबत बसून वाचायची.

तुम्हीही एवढं कराल का? तुमच्या शाळेत असा नियम आहे का, असेल तर कसा आहे, हेही जरूर कळवा.